मॅन्टिस श्रिंपच्या टँकमध्ये खाली काय घालायचं? वाळू, चुरा, शिंपा आणि पाईप

मॅन्टिस श्रिंप, म्हणजे समुद्रातला जोरदार ठोसा किंवा भाला मारणारा कवचवाला शिकारी प्राणी, पाळायचं ठरलं की बहुतेक जण टँक किती मोठा घ्यायचा, काच किती जाडीची, हा ठोसा मारून काच फोडेल का, इथून सुरुवात करतात, आणि खाली काय घालायचं हा प्रश्न शेवटी दुकानात उभं राहून सुटतो, म्हणजे दुकानदार जी पांढरी वाळू पुढे करेल तिच्या दोन पिशव्या उचलायच्या आणि घरी यायचं. मी पण पहिल्या टँकला तेच केलं होतं. आज माझ्याकडे दोन टँक आहेत, एकात पीकॉक आणि एकात छोटा गोनोडॅक्टिलस (दोन्ही मॅन्टिस श्रिंपचेच प्रकार), आणि कोणी विचारलं की मी पहिल्यांदा एकच सांगतो, खालचं आधी ठरवा. हा प्राणी दिवसाचा बराचसा वेळ बिळात काढतो, कात टाकतो तेव्हा बिळातच स्वतःला कोंडून घेतो, आणि हे बीळ तो तुम्ही जो माल दिलाय त्यातूनच बांधतो. आपल्याला ती वाळू दिसते, त्याच्यासाठी ते विटा, खडी आणि दार असतं.

आता सगळ्यात आधी तुमच्याकडे येणारा प्राणी कोण आहे ते नीट कळलं पाहिजे, कारण मॅन्टिस श्रिंपच्या साडेचारशेच्या वर जाती आहेत आणि सगळ्यांना एकच जमीन चालत नाही. ढोबळ दोन गट धरा. एक ठोसेवाले, यांच्या पुढच्या पायाचा खालचा भाग फुगीर, गदेसारखा असतो, त्याने ते शिंपले, खेकडे फोडून खातात. दुसरे भालेवाले, यांच्या त्याच पायाला काटेच काटे असतात आणि ते बिळाच्या तोंडाशी दबा धरून बसतात, मासा जवळ आला की झडप. भालेवाले जास्त करून मऊ वाळूत किंवा चिखलात बीळ करतात. ठोसेवाले खडकाच्या भोकात नाहीतर खडकाच्या पायथ्याशी पडलेल्या तुकड्यांच्या राशीत राहतात. आपल्या कोकण किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यात जे मॅन्टिस श्रिंप येतात ते भालेवाले, चिखलातले, त्यामुळे ते बघून पीकॉकच्या टँकचा अंदाज बांधायला जाऊ नका, दोघांचं बिऱ्हाड पूर्ण वेगळं.

पीकॉकपासून सुरुवात करतो कारण बहुतेकांना तोच हवा असतो. ओडोन्टोडॅक्टिलस सिलॅरस, हिरवा-निळा-केशरी, वाढला की १५ ते १८ सेंटीमीटर. २००४ मध्ये शास्त्रज्ञ शीला पटेक, रॉय कॉल्डवेल आणि त्यांच्या सहकाऱ्याने मोजलेला ठोसा याच प्राण्याचा, वेग सेकंदाला २३ मीटरपर्यंत. समुद्रात हा प्रवाळाच्या पायथ्याशी, जिथे वाळू, खडे, शिंपांचे तुकडे असं सगळं मिसळून पडलेलं असतं तिथे इंग्रजी यू अक्षरासारखं बीळ करतो, दोन तोंडं असलेलं. एकसारख्या बारीक वाळूत हे बीळ टिकतच नाही. तुम्ही साखरेच्या ढिगात बोट घालून बघा, बोट काढलं की भोक बुजतं, तसंच होतं. आणि त्याच साखरेत शेंगदाणे, खोबऱ्याचे तुकडे मिसळले तर ढीग जरा धरून राहतो. पीकॉकला ते खोबऱ्याचे तुकडे लागतात, म्हणजे वेगवेगळ्या आकाराचा माल एकत्र लागतो. माझ्या मते ह्या प्राण्याच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच.

माझ्या पहिल्या टँकमध्ये दोन इंच बारीक वाळू होती आणि तिच्यावर मी साधारण चार किलोचा एक दगड ठेवला होता, दिसायला छान दिसत होता. पीकॉकने पहिल्याच रात्री दगडाच्या खालून उकरायला घेतलं, कारण दुसरीकडे कुठे बीळ उभंच राहत नव्हतं, आणि तिसऱ्या रात्री दीडच्या सुमारास दणका ऐकून मी उठलो. दगड एका बाजूला कलंडला होता, खालच्या काचेला चरा पडला होता आणि प्राणी कोपऱ्यात दबून बसला होता, एका बाजूची मिशी तुटलेली. पुढच्या कातीबरोबर मिशी परत यायला लागली, तो वाचला, पण ती रात्र मला अजून आठवते कारण चूक पूर्ण माझी होती, त्याने तर बिचाऱ्याने घर शोधलं होतं. तेव्हापासून नियम, दगड आधी, वाळू नंतर. दगड थेट टँकच्या तळावर बसला पाहिजे, वाळूवर नाही. तळाच्या काचेवर मी अ‍ॅक्रिलिकची पातळ शीट टाकतो, तिच्यावर दगड, दगड एकमेकांना चिकटवलेले किंवा केबल टायने बांधलेले, आणि मग आजूबाजूला माल ओततो. त्याने कितीही उकरलं तरी दगड हलत नाही, आणि खाली ठोसा बसला तर शीटला बसतो.

आता पीकॉकसाठी मी काय मिसळतो ते सांगतो. निम्मा भाग जाड अ‍ॅरॅगोनाइट, दाणा २ ते ५ मिलीमीटर. पाव भाग त्याहून बारीक, १ ते २ मिलीमीटरचा, जो मोठ्या दाण्यांच्या मधल्या फटी भरतो. उरलेला पाव भाग तुकडे, १ सेंटीमीटरपासून ५ सेंटीमीटरपर्यंत, त्यात ड्राय रॉकचे, म्हणजे टँकसाठी माणसाने बनवलेल्या दगडाचे, फोडलेले तुकडे, शिंपा, शंखांचे तुकडे असं काहीही, फक्त एकसारखं नको. अगदी पिठासारखी वाळू मी पीकॉकला घालतच नाही, ती पंपाच्या प्रवाहाने उडते, गढूळ होतं आणि तो उकरायला लागला की पूर्ण टँकभर धूर.

अ‍ॅरॅगोनाइटच का, तर ते कॅल्शियम कार्बोनेट आहे, आणि वाळूच्या आतल्या थरात जिथे पीएच खाली जातो तिथे ते थोडं थोडं विरघळून पाण्याला सांभाळून घेतं. खाऱ्या टँकला ८.१ ते ८.४ पीएच हवा, तर ही थोडी मदत होते. सगळा भार तिच्यावर टाकू नका, पाणी बदलायचं काम तुमचंच. सिलिका वाळू, म्हणजे स्विमिंग पूलच्या फिल्टरवाली, विषारी वगैरे काही नाही, स्वस्त पण पडते, पण ती पाण्याला काही देत नाही. बजेट कमी असेल तर खालचा थर तिचा करा आणि वर अ‍ॅरॅगोनाइट, पण तो सगळं उकरून आठ दिवसांत वरचं खाली खालचं वर करणार हे धरून चाला.

शिंपांचं मला जरा जास्त सांगायचंय, कारण ही गोष्ट आपल्याकडे घरात फुकट मिळते. आमच्याकडे तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, आणल्या की आई एकशिपी करते, म्हणजे कच्च्या तिसऱ्या विळीवर उघडून एक शिंप काढून टाकायची आणि मांस चिकटलेली दुसरी शिंप तशीच आमटीत जायची. त्या काढून टाकलेल्या कच्च्या शिंपा मी मागून घेतो. त्यांना ना तेल लागलेलं असतं ना हळद ना मसाला. जेवणातल्या, आमटीतून निघालेल्या शिंपा मात्र घेऊ नका, कितीही धुतल्या तरी तेलाचा थर राहतो. कच्च्या शिंपा दोन दिवस पाण्यात ठेवायच्या, रोज पाणी बदलायचं, मग पंधरा-वीस मिनिटं उकळायच्या, जुन्या टूथब्रशने आतला पडदा घासून काढायचा, आणि उन्हात कडकडीत वाळवायच्या. नाकाला लावून बघा, वास आला तर परत उकळा. शिवल्या, खुबे यांच्या पण चालतात. मोठी शिंप अख्खी ठेवा, काही हातोडीने दोन-तीन तुकडे करा, कडा जिथे चाकूसारख्या झाल्या असतील त्या दगडावर घासून घ्या.

ह्या शिंपांचं तो काय करतो ते एकदा शांत बसून बघाच. माझ्या पीकॉकच्या बिळाचं पुढचं तोंड डाव्या दगडाच्या खाली आहे. संध्याकाळी खोलीतला दिवा बंद झाला की तो अर्धा बाहेर येतो, समोरचे तुकडे एकेक करून उचलतो, तोंडाजवळच्या छोट्या पायांनी धरून फिरवून बघतो, डोळे दोन्ही वेगवेगळीकडे वळतात, आणि नको असेल तर तिथेच टाकतो. एकदा एक तिसरीची शिंप त्याने तीन वेळा नेली आणि तीन वेळा बाहेर आणली. चौथ्यांदा उलटी करून नेली, खोलगट बाजू आत, आणि ती भोकाला अशी बसली की फक्त खाली बोटभर फट राहिली. मग त्या फटीत दोन खडे आणून लावले. दार बंद. ती शिंप आज सात महिने झाले तेच दार आहे, सकाळी सरकवतो, रात्री लावतो. मी टँक साफ करताना एकदा ती चुकून दुसऱ्या टोकाला गेली तर तो दोन तास शोधत होता, शेवटी मीच चिमट्याने परत आणून ठेवली.

शिंपांचा बारीक चुरा हवा असेल तर कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात शेल ग्रिट म्हणून मिळतो, तो पण कॅल्शियम कार्बोनेटच. त्यात काही औषध किंवा दुसरं खाद्य मिसळलेलं नाही ना हे विचारून घ्या आणि खूप धुवा, भयंकर धूळ असते. हा चुरा चपटा आणि जरा धारदार असतो म्हणून मी एकूण मालाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त टाकत नाही.

प्रवाळाच्या तुकड्यांबद्दल एकदम स्पष्ट बोलतो. परदेशातल्या लोकांचं वाचून आपल्याकडे पण कोणी कोणी समुद्रावर फिरायला गेल्यावर वाहून आलेले प्रवाळाचे तुकडे पिशवीत घालून आणतात. आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ २००१ पासून आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण आहे तेच याला, आणि मेलेला, किनाऱ्यावर पडलेला तुकडा पण त्यातून सुटत नाही. मालवण असो, अंदमान असो नाहीतर लक्षद्वीप, उचलू नका, आणि कोणी लाइव्ह रॉक म्हणून समुद्रातून काढलेला दगड विकत असेल तर तोही घेऊ नका. कायदा बाजूला ठेवला तरी तो तुकडा तिथे दुसऱ्या कोणाचं तरी घर असतो. खाणीतून काढलेल्या अ‍ॅरॅगोनाइटची सीलबंद पिशवी घ्या, बिल घ्या, आणि दगड म्हणून माणसाने बनवलेला ड्राय रॉक घ्या. सिरॅमिकचा किंवा सिमेंटचा असतो. सिमेंटचा असेल तर गोड्या पाण्यात ठेवून पाणी बदलत राहा आणि पीएच स्थिर झाल्याशिवाय टँकमध्ये घालू नका, नवीन सिमेंट पीएच चढवतं.

किनाऱ्यावरची वाळू पण नको. ती आणण्यावर बंधनं आहेतच, आणि आपल्याकडची वाळू ह्या कामाला बरी पण नाही. रत्नागिरीच्या बाजूला काळबादेवी, मालगुंडच्या पट्ट्यात जी काळी चमकदार वाळू दिसते त्यात इल्मेनाइट असतं, म्हणजे लोह आणि टायटॅनियमचं खनिज, चांगला लोहचुंबक फिरवला तर दाणे चिकटतात. मुंबईच्या किनाऱ्याचं तर सांगायलाच नको, तेल, सांडपाणी, काय काय असतं. नदीची वाळू गाळ सोडते, धुऊन धुऊन नाकी नऊ येतात. दुकानातली रंगीत खडी अजिबात नको. हा प्राणी खडे तोंडाजवळ धरतो, आपटतो, फोडतो, आणि तो रंग कशाचा आहे हे कोणी सांगू शकत नाही. मार्बल चिप्सचं लोक विचारतात, तो कॅल्शियम कार्बोनेटच असतो पण दुसऱ्या रूपातला, खाऱ्या पाण्यात विरघळत नाही, कडा धारदार, वरून पॉलिश केलेला असेल तर आणखी शंका. पाच-दहा तुकडे ठीक, पूर्ण टँक नको.

कुठलाही माल घरी आला की दोन टेस्ट करा. वाटीत थोडा घेऊन वर पांढरं व्हिनेगर टाका, फसफसलं तर कॅल्शियम कार्बोनेट आहे, पिशवीवर अ‍ॅरॅगोनाइट लिहिलंय आणि फसफसत नाही तर परत द्या. मग दुसऱ्या कोरड्या वाटीत लोहचुंबक फिरवा, काही चिकटलं तर तो माल घालू नका. आणि तांब्यापासून लांब राहा, हे कवचवाल्या सगळ्याच प्राण्यांना विष आहे. आधी माशांच्या औषधासाठी तांबं वापरलेल्या टँकमधली जुनी वाळू कोणी फुकट देत असेल तर नम्रपणे नाही म्हणा, तांबं वाळूत मुरून बसतं आणि हळूहळू सुटत राहतं.

किती माल लागतो याचा हिशोब आधीच करा. माझा टँक ९० बाय ४५ सेंटीमीटरचा आहे, म्हणजे तळ ४०५० चौरस सेंटीमीटर. १० सेंटीमीटर थर द्यायचा तर ४०,५०० घन सेंटीमीटर, म्हणजे साडेचाळीस लिटर माल, आणि लिटरला साधारण १.३ किलो धरलं तर ५२-५३ किलो. एवढं वजन स्टँडवर जास्तीचं येणार हे लक्षात ठेवा. पैसे वाचवायचे असतील तर मागे १२ सेंटीमीटर आणि पुढे ४ असा उतार द्या, सरासरी ८ होते, दहा किलो वाचतात, आणि त्याला बीळ मागे अंधारातच हवं असतं त्यामुळे त्याचं काही बिघडत नाही. पीकॉकला १० ते १२ सेंटीमीटरपेक्षा कमी जाडी मागच्या बाजूला नको.

नुसत्या मालावर पण सोडू नका, आत एक पाईप पुरून ठेवा. दीड ते दोन इंची पांढरा पीव्हीसी पाईप, दोन टोकांना एल्बो लावून यू आकार, आणि एकूण लांबी प्राण्याच्या लांबीच्या निदान तीन-चार पट. हार्डवेअरच्या दुकानात एल्बो घेताना एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा, आपल्याकडे नळासाठी जे एल्बो मिळतात त्यातल्या काहींच्या आत पितळेची चुडी बसवलेली असते, आणि पितळ म्हणजे तांबं आलंच. साधा, पूर्ण प्लास्टिकचा घ्या. सोल्व्हंट, म्हणजे पाईप चिकटवायचा गोंद, लावलं असेल तर दोन दिवस वाळवून धुऊन मगच. मी तर सोल्व्हंट लावतच नाही, घट्ट बसवतो आणि पुरतो. पाईपच्या आतल्या बाजूला सँडपेपर मारा म्हणजे त्याचे पाय घसरणार नाहीत, आणि तळाला मूठभर चुरा टाका.

पाईप अंधारा पाहिजे. पीकॉकला कवचाचा एक रोग होतो, पाठीवर, शेपटीवर तपकिरी-काळे खड्डे पडतात, आणि कवच खात जातात. ह्या जातीत तो पाळलेल्या टँकमध्ये बराच दिसतो. अनुभवी लोक प्रखर लाइट आणि आखूड, उजेड शिरणारं बीळ याकडे बोट दाखवतात, कारण समुद्रात हा बराच खोलवर, मंद उजेडात पण राहतो. म्हणून प्रवाळ वाढवायच्या झगझगीत लाइटखाली पीकॉक ठेवू नका. आणि आपल्याला बीळ दिसावं म्हणून पाईप काचेला चिकटवून ठेवत असाल तर बाहेरून काळा कार्डबोर्ड लावा, बघायचं तेव्हा दोन मिनिटं उचला.

आता भालेवाले. झेब्रा, म्हणजे लायसिओस्क्विलिना मॅक्युलाटा, हा सगळ्यात मोठा, जवळजवळ ३८-४० सेंटीमीटरपर्यंत जातो, आणि समुद्रात नर-मादी जोडीने एकाच बिळात वर्षानुवर्षं राहतात. हे बीळ वाळूतच असतं, आतून चिकट स्रावाने लिंपलेलं, आपण मातीची भिंत शेणाने लिंपतो तसं, त्याच्यामुळे ते ढासळत नाही. ह्याला पीकॉकचा माल दिला तर जाड खड्यांवर लिंपण बसत नाही. बारीक लागतं, अर्धा ते एक मिलीमीटर, आणि त्यातही सगळे गोल गोल गुळगुळीत दाणे नकोत कारण ते एकमेकांत अडकत नाहीत. बारीक, त्याहून बारीक, आणि थोडा शिंपांचा भुगा असं मिश्रण बरं बसतं. खोली किती, तर मी प्राण्याच्या लांबीच्या दीडपट तरी धरतो, म्हणजे मोठ्या झेब्राला दीड-दोन फूट वाळू होते, आणि ते घरच्या टँकमध्ये कठीणच आहे. म्हणून खरं सांगतो, पहिला मॅन्टिस म्हणून झेब्रा घेऊ नका. घेतलाच तर लांब पाईप तिरका पुरून बाकी जमेल तेवढी खोल वाळू द्या. स्युडोस्क्विला सिलिएटा हा त्यातल्या त्यात सोपा भालेवाला, १० सेंटीमीटरच्या आसपास राहतो, त्याला १० सेंटीमीटर बारीक वाळू, त्यात थोडे तुकडे आणि वीतभर पाईप एवढ्यात भागतं.

खोल वाळूत एक धोका असतो. खालच्या थरात ऑक्सिजन संपतो, अन्न सडलं की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, काचेतून काळे डाग दिसतात आणि उकरलं की सडक्या अंड्याचा वास येतो. काळा डाग दिसला म्हणून घाबरून हात घालून ढवळायला गेलात तर आगीतून फुफाट्यात, सगळा वायू एकदम पाण्यात येतो. तिथे हात लावू नका, वरचं खरकटं काढत राहा, पाण्याचा प्रवाह थोडा वाढवा. वास टँकबाहेर यायला लागला असेल तर मात्र प्राणी दुसरीकडे हलवून मगच तो भाग काढा.

छोटे ठोसेवाले, गोनोडॅक्टिलस, निओगोनोडॅक्टिलस, पाच ते आठ सेंटीमीटरवाले, यांचं काम सगळ्यात कमी. हे खडकाच्या भोकात राहतात, शेपटीची ढाल करून भोक बंद करतात. यांना २-३ सेंटीमीटर वाळू बास, पैसा भोकं असलेला दगड घेण्यात घाला, आणि मूठभर खडे-शिंपा बाजूला टाका म्हणजे भोकाचं तोंड लहान करायला त्यांना मिळतात. भोक त्याच्या अंगाला घट्ट बसणारं असावं, प्रशस्त खोली त्याला नको असते.

घालायची पद्धत. सीलबंद लाइव्ह सँड, म्हणजे जिवंत बॅक्टेरिया असलेली ओली वाळू, असेल तर धुवायची नाही, बाकी सगळं बादलीत पाव-पाव भरून नळाखाली हाताने ढवळत धुवायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत, आणि शेवटचं एक पाणी आरओचं. मग शीट, दगड, पाईप, त्यावर माल, माल ओतताना पाईपच्या तोंडात कापडाचा बोळा घाला नाहीतर पाईपच भरून बसतो. पाणी भरताना वाळूवर ताटली ठेवून ताटलीवर धार सोडा. तरी दोन-तीन दिवस गढूळ राहील, राहू दे. अंडरग्रॅव्हल फिल्टरची प्लेट, म्हणजे वाळूखाली बसवून वाळूतून पाणी खेचणारी, दुकानदार आग्रहाने देतात, घेऊ नका, हा पहिल्या आठवड्यात प्लेटपर्यंत उकरतो आणि मग पाणी फक्त त्या खड्ड्यातूनच खेचलं जातं, बाकी वाळू तशीच मेलेली. त्यानंतर चार ते सहा आठवडे टँक पिकू द्या, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्यावर, पाण्याचा खारटपणा विशिष्ट गुरुत्वात १.०२५ च्या जवळपास, तापमान २४ ते २७ अंश, मगच प्राणी. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पाणी सहज ३० च्या वर जातं, तेव्हा पंखा किंवा चिलर हवाच, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी आणि बिळात तर आणखी कमी.

आत सोडल्यावर पहिले आठ-दहा दिवस तो सगळं उलथंपालथं करणार. तुम्ही लावलेला उतार जाईल, पाईपचं एक तोंड बुजेल, पुढच्या काचेला खड्यांचा ढीग लागेल. करू द्या. परत सारखं करायला गेलात तर रात्री तो परत तसंच करणार, आणि तेवढी त्याची ताकद उगाच खर्च.

साफसफाई रोजची थोडी. हा खेकडा किंवा शिंपला फोडतो आणि कवचाचे तुकडे, उरलेलं मांस बिळाच्या तोंडाशी नाहीतर खड्यांच्या फटीत ढकलतो, आणि जाड मालात ते अडकून सडतं, बारीक वाळूपेक्षा जास्त. मोठी सिरिंज, तिला फूटभर एअर पाईप, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मांस तेवढं ओढून घ्या. रिकाम्या शिंपा राहू द्या, त्याच्या उपयोगाच्या. वाळू साफ करायला गोगलगायी सोडायचा विचार असेल तर त्या ठोसेवाल्याचा नाश्ता होणार. वाळूत आपोआप आलेले किडे असतील तर ते राहू द्या, काम तेच करतात.

आणि कात. मोठ्या प्राण्याला काही महिन्यांनी एकदा. खाणं सोडतो, दोन्ही तोंडं आतून खडे-शिंपा लावून पक्की बंद करतो आणि आठवडा, कधी त्याहून जास्त दिवस दिसतच नाही. नवीन माणसाचा जीव टांगणीला लागतो, मेला की काय म्हणून उकरावंसं वाटतं. उकरू नका. त्या वेळी कवच मऊ असतं, ठोसा मारता येत नाही, बंद दार हाच त्याचा एकमेव आधार. त्याऐवजी रोज अमोनिया तपासा, खरंच मेला असेल तर अमोनियात कळतं. पाणी स्वच्छ आहे तर तो आत ठीक आहे. मी माझ्या पीकॉकच्या पहिल्या कातीच्या वेळी अकरा दिवस तपासत होतो, आणि बाराव्या सकाळी ती शिंप सरकलेली होती आणि खालच्या फटीतून दोन डोळे.

कातीनंतर तो थोडा मोठा झालेला असतो, म्हणजे दारही मोठं लागतं. म्हणून पुढच्या उजव्या कोपऱ्यात मी कायम आठ-दहा जास्तीच्या शिंपा आणि खडे ठेवून देतो, लहान-मोठे. आई तिसऱ्या करते तेव्हा त्यात दोन-चार नव्या पडतात. बहुतेक तशाच पडून राहतात, एखादी सकाळी उठून बघतो तर जागेवर नसते.